पासष्ट हजार पाचशे छत्तीसावी ओळ

कळफलकावरच्या दोन कळा एकदम दाबल्या की पडदा झपकन तक्त्याच्या तळाशी जातो आणि शेवटच्या भरलेल्या ओळीवर थांबतो. तिची ही जुनी सवय. कुठलीही फाइल उघडली की आधी तळ बघायचा, मग सावकाश वर यायचं. आजही तिने तेच केलं, तेही डाव्या हातात चहाचा कप धरून आणि निम्मं लक्ष खिडकीबाहेर ठेवून; आणि पडद्याच्या कडेला ओळीचा आकडा उमटला. ९१८७३.

कप तिने खाली ठेवला नाही. ओठांपासून वीतभर अंतरावर तो तसाच राहिला. ती वर गेली, पुन्हा त्याच दोन कळा दाबल्या. ९१८७३. तारीख चौदा मार्च, वेळ रात्रीचे अकरा पन्नास, भेगेची रुंदी एक पूर्णांक चार एक आठ मिलिमीटर. हे शक्य नव्हतं. ही फाइल तेरा सप्टेंबरला पहाटे दोन वीसला संपते, हे तिला स्वतःच्या वाढदिवसासारखं पाठ होतं. आठ वर्षांपूर्वी पाच जणांच्या समितीसमोर तिनेच ते वाचून दाखवलं होतं, आणि त्यावर एका माणसाची नोकरी गेली होती.

"झालं का मॅडम, एवढं खोकं?"

समोरच्या खुर्चीतली बाई बाहेरच्या कंपनीकडून आली होती. चाळिशी उलटलेली, चष्मा डोक्यावर चढवलेला, चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या. सोमवारी आल्या आल्याच तिने आपली ओळख करून दिली होती, "मी सामान हलवणारी. घर बदलताना माणसं बोलावता ना, त्यातलीच. भांडं फुटलं तर माझ्या माथी, पण माळ्यावरचं काय न्यायचं नि काय टाकायचं ते तुम्ही सांगायचं." तेव्हापासून सगळे तिला सामानवालीच म्हणत होते. संस्थेतल्या यंत्रांवरच्या, पत्रं आणि तक्ते लिहिण्याच्या, मेल पाठवण्याच्या प्रणालीची आवृत्ती इतकी जुनी झाली होती की ती बनवणाऱ्यांनीच तिच्यावरून हात काढून घेतला. मग नाइलाजाने नवी आली. आज प्रत्येकाच्या जुन्या टपालपेटीतलं हवं तेवढं नव्या पेटीत जायचं होतं, आणि तीन वाजता जुन्या पेट्या कायमच्या पुसल्या जायच्या होत्या.

"ही पेटी पुसू नका," ती म्हणाली. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला तिला.

"घाबरू नका हो. विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत ना? सगळ्यांचं तसंच झालंय. जुने फॉन्ट नव्या घरात ओळख देत नाहीत. अक्षरं आत धडधाकट असतात."

"प्रश्नचिन्हं नाहीत. आकडे आहेत."

"मग चांगलंच की."

"जास्त आहेत."

सामानवाली हसली. "कमी भरल्याची तक्रार रोज ऐकते. जास्त भरल्याची पहिल्यांदाच."

तिलाही हसू आलं, म्हणजे ओठ आपोआप हलले. त्याच वेळी जिना चुकल्यासारखं झालं. शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथं अजून एक पायरी असावी, तसं. ती जुन्या शेवटच्या ओळीपाशी गेली आणि तिथून खाली खाली नजर टाकली. तेरा सप्टेंबर, दोन तीस. दोन चाळीस. दोन पन्नास. तीन. भेग श्वास घेत असावी तशी ती संख्या शेवटच्या अंकात किंचित वर जात होती, किंचित खाली येत होती. दिवसा भिंत तापली की मिटायची, पहाटे गारठली की उघडायची. ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबरातल्या थंडीत ती जरा जास्तच उघडली होती. हे कोणी बसून पाडलेले आकडे नव्हते. कोणी म्हणजे कोणीही, कितीही हुशार असला तरी, सहा महिन्यांचं ऊन आणि गारठा असा एकेका सहस्रांशाने बनवू शकला नसता. ती पदार्थविज्ञान शिकलेली होती. हे तिला तेव्हाही एका नजरेत कळलं असतं, नजर टाकली असती तर.

त्यांची संस्था भेगा मोजते. पूल, बोगदे, पाण्याच्या टाक्या. जिथे भिंतीला तडा जातो तिथे संस्थेचा माणूस जाऊन एक बोटभर लांबीचं यंत्र चिकटवतो, आणि ते दर दहा मिनिटांनी भेग किती रुंद आहे ते स्वतःशी लिहून ठेवतं. महिन्याने त्याच माणसाने जाऊन ते आकडे उतरवून आणायचे आणि यंत्राची पाटी कोरी करायची. डोंगराखालच्या जुन्या बोगद्याचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे मापाडी म्हणत. मोजण्याचं त्याला वेडच होतं. कँटीनमधला चहा आला की तो कपाच्या काठापासून चहापर्यंत बोट लावायचा आणि म्हणायचा, "आज दोन मिलिमीटर कमी. मालक, दूध महाग झालं की माणुसकी?" तिच्या टेबलाची लांबी त्याच्या वितीने सात विती आणि चार बोटं होती, हे तिला आजही माहीत होतं. माणसाबद्दल नेमकं काय लक्षात राहतं याचा काही नियम नाही. त्याचा आवाज तिला आठवत नव्हता, पण सात विती चार बोटं आठवत होती.

त्या काळी संस्थेत एक रीत पडली होती. साहेबांना नवी आवृत्ती नको होती. बटणांची जागा बदलली की त्यांचं डोकं फिरायचं. "माझ्या स्वयंपाकघरात डबे हलवायचे नाहीत," असं ते म्हणत, आणि साहेबांच्या यंत्रावर जे नाही ते संस्थेत कुणाच्याच यंत्रावर नाही, हा अलिखित कायदा. पण बाहेरच्यांनी केव्हाच नवी घेतली होती, आणि नव्याने बनवलेल्या फायली जुन्यात उघडत नसत. त्या जुन्यात उघडून देणारी एक जोडणी फुकट मिळायची. ती तिने आपल्या यंत्रावर आणि बैठकीच्या खोलीतल्या यंत्रावर बसवून घेतली होती. मग जो तो आपली फाइल तिच्याकडे पाठवायचा. "ताई, एवढी एक उतरव गं." ती फाइल उघडायची, जुन्या रूपात जतन करायची, साहेबांकडे धाडायची. दिवसाला वीस, कधी तीस. याला ऑफिसात 'उतरवणं' असंच नाव पडलं होतं. उतरवताना जवळजवळ प्रत्येक वेळी एक राखाडी चौकट पुढे यायची. कधी म्हणायची की काही रंग दिसणार नाहीत, कधी म्हणायची की काही आलेख साधे होतील, कधी आणखी काही. खाली एकच बटण असायचं. ठीक आहे. ते दाबल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही, म्हणून ती दाबायची. पहिल्या आठवड्यात वाचून दाबायची. नंतर चौकट यायच्या आधीच तिचं बोट तिथं जाऊन बसलेलं असायचं, दाराबाहेर पाऊल वाजलं की कडी काढायला हात जावा तसं.

आता तिने त्या बोटाकडे पाहिलं. उजव्या हाताचं पहिलं बोट. नखाशी शाईचा एक जुना ठिपका. त्या बोटाने किती चौकटी मिटवल्या असतील? वर्षाला पाच-सहा हजार. त्यांतली एक म्हणाली असेल की फाइल पूर्ण उघडलेली नाही. म्हणालीच असेल, जुन्या आवृत्तीत ओळी संपल्या की ती तेच सांगायची. तिने ते वाचलं होतं का? तिने डोळे मिटून पाहिलं. राखाडी रंग दिसला. अक्षरं दिसली नाहीत. म्हणजे वाचलं नव्हतं, की वाचून पुसलं होतं? आणि हा प्रश्न कुणाला विचारायचा? साक्षीदार तीच होती, आणि तिला काही दिसत नव्हतं.

पासष्ट हजार पाचशे छत्तीस. फाइल त्या ओळीवर संपते, असं तिने टिपणात लिहिलं होतं, आणि चौकशीच्या दिवशी मोठ्याने वाचलंही होतं. हे आठवलं आणि तिच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, कोणीतरी थंड नाणं ठेवल्यासारखं झालं. कारण हा आकडा ती सात वर्षांची असल्यापासून ओळखत होती. आत्याच्या घराला बाहेरून सोळा पायऱ्या होत्या. खाली अंगणात उभं राहून 'एक' म्हणायचं, आणि मग प्रत्येक पायरीला दुप्पट. दोन, चार, आठ, सोळा. आत्या वर दारात कमरेवर हात ठेवून उभी. पाचशे बारापर्यंत पळत जाता यायचं, मग पाय जड व्हायचे, हजार चोवीस, दोन हजार अठ्ठेचाळीस, बोटांवर हातचे, आणि चुकलं की पुन्हा अंगणात. "उंबरा काही पळून जात नाही," आत्या म्हणायची, "सावकाश ये, पण बरोबर ये." सोळाव्या पायरीवर पासष्ट हजार पाचशे छत्तीस म्हटलं की ती बाजूला होऊन आत घ्यायची. पुढे महाविद्यालयात दोनचा सोळावा घात प्रत्येक यंत्राच्या पोटात भेटत राहिला. जगात हा एक आकडा असा होता की तो झोपेत कानावर पडला असता तरी तिने दचकून उठायला हवं होतं. आणि तो तिने स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने, पाच माणसांसमोर उच्चारला होता आणि तिच्या आत काही, काहीही वाजलं नव्हतं. यंत्रात ओळी मोजायला पायऱ्यांसारखे दुप्पट होत जाणारे सोळा खाने असले की तेवढ्याच ओळी मावतात. माणूस काम अर्धवट टाकून पळाला तर तो नेमका त्याच ओळीवर कशाला पळेल? शाळकरी पोराला पडला असता असा प्रश्न. तिला का पडला नाही? ती पडद्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिला दिसलं की त्या खोलीत जाण्याआधीच तिची खात्री झालेली होती. आकडा वाचताना ती आकडा वाचतच नव्हती.

त्या दिवशीचं सगळं मात्र दिसत होतं. बैठकीच्या खोलीतलं लांब टेबल, मधोमध साहेब, दोन्ही बाजूंना दोघं दोघं. बोगदेवाल्यांनी हिवाळ्यातले आकडे मागितले होते आणि ते सापडत नव्हते. मापाड्याच्या फेरीवहीत दर महिन्याची सही होती; फाइलमध्ये सप्टेंबरनंतर एक आकडा नव्हता. म्हणजे सह्या खोट्या. तो उभा होता, हात मागे बांधून, आणि हसत होता, कारण त्याला वाटत होतं की हा पाच मिनिटांचा घोळ आहे. "अगं, नीट बघ की, खाली आहेत अजून." तिने कळा दाबल्या. पासष्ट हजार पाचशे छत्तीस. "संपली." मग त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "ही माझ्याकडची प्रत. ही लाव." तिने लावली. फाइल उघडली. चौकट आली असणार. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, हातभर रुंद, पाच माणसांच्या डोळ्यांसमोर. आणि त्यांनी चष्मे सावरायच्या आत तिच्या बोटाने ती मिटवली. मग कळा. तीच ओळ. त्याचं हसू चेहऱ्यावर राहिलं आणि त्याच्या खालचा चेहरा निघून गेला. असं तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा लॅपटॉप छातीशी धरून धावत आला. त्याच्यावर नवी आवृत्ती होती आणि त्यात सगळे आकडे होते, मार्चपर्यंत. पण रात्री घाबरून त्याने पेनड्राइव्हवरची आणि लॅपटॉपवरची फाइल उघडून पुन्हा जतन केली होती, त्यामुळे दोन्हींवर तारीख त्या रात्रीची. साहेब म्हणाले, "काल नव्हते, आज आले." कोणीतरी म्हणालं, "रात्रीतून सव्वीस हजार पाडले, गडी कष्टाळू आहे." खोलीत हशा पिकला. तीही हसली होती का? हसली असावी. सगळे हसले होते.

आणि इथे, तिच्या जुन्या पेटीत, त्याने चौकशीच्या तीन आठवडे आधी पाठवलेलं मूळ पत्र होतं. 'ही एवढी उतरव. लांबलचक आहे, चहा माझ्याकडून.' त्यावरची तारीख कुणाच्या हाताची नव्हती. एक्क्याण्णव हजार आठशे त्र्याहत्तर ओळी, कुणी न उघडलेल्या डब्यासारख्या, तिच्या टेबलाखाली आठ वर्षं. त्याचं संस्थेतलं खातं चौकशीच्याच संध्याकाळी बंद झालं होतं. जगात पुरावा एवढाच होता, आणि तो ती मघाशी टाकून द्यायच्या ढिगाऱ्यात लोटणार होती.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का? चहा सांडतोय."

तिने खाली पाहिलं. मांडीवर चहा होता. गार.

साहेबांची खोली वरच्या मजल्यावर. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, कपाटातली पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती, आणि नव्या आवृत्तीसमोर ते परक्या घरात पाहुण्याने बसावं तसे अवघडून बसले होते. "ये, ये. हे छापायचं बटण कुठं लपवलंय बघ. शोधून शोधून थकलो." तिने आधी बटण दाखवलं. हेही तिला नंतर आठवत राहणार होतं, की आधी तिने बटण दाखवलं. मग सांगितलं. सांगून झाल्यावर साहेबांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा घातला.

"किती ओळी म्हणालीस?"

तिने आकडा सांगितला.

"अजून कुणी बघितलंय हे?"

त्या प्रश्नाने तिला दुसरा धक्का बसला. तो प्रश्न तिच्याही मनात येऊन गेला होता, जिना चढताना, साहेबांच्या तोंडून यायच्या आधी. तीन वाजायला पन्नास मिनिटं होती. काही करायचं नव्हतं. नुसतं काही न करता पन्नास मिनिटं बसायचं होतं, आणि सामानवालीने आपलं काम नेटकं केलं असतं.

"सामानवालीने बघितलंय," ती म्हणाली. खरं म्हणजे त्या बाईने फक्त आकडे जास्त आहेत एवढं ऐकलं होतं.

"हं." साहेब खिडकीकडे पाहत राहिले. "त्याचं वय काय असेल गं आता?"

"माझ्याएवढाच होता."

"टिपणावर सही तुझी आहे. पहिली. माझी तिच्याखाली." त्यांचा आवाज धमकीचा नव्हता; जिन्यात कोण पुढे कोण मागे होतं ते आठवत असावेत तसा होता. "पाठवायचंच असेल तर समितीतल्या सगळ्यांना पाठव. मला पण. मी वाचलं नाही, असं मला पुन्हा म्हणता यायला नको." मग ती दारापाशी पोचल्यावर, "मी काय म्हणालो होतो तेव्हा? काहीतरी म्हणालो होतो."

"काल नव्हते, आज आले."

"हां," साहेब म्हणाले, आणि त्यांनी हाताने तोंड पुसलं.

पत्र तिने दहा ओळींत लिहिलं. चौकट आली होती आणि मी ती न वाचता मिटवली, हे वाक्य लिहायला तिला वीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक वेळी ते वाक्य आपोआप 'मिटली गेली' असं व्हायचं. ती ते खोडायची आणि पुन्हा 'मी' लिहायची. सोबत मूळ पत्र जोडलं, जसंच्या तसं, न उतरवता. पावणेतीनला पाठवलं. सामानवालीने तिची पेटी पुसल्याची नोंद केली, पण त्याआधी, कुणी न सांगता, त्या एका पत्राच्या दोन प्रती काढून एक तिच्या हातात ठेवली. "मला काही कळलेलं नाही," ती म्हणाली, "पण भांडं फुटलं तर माझ्या माथी."

मापाडी कुठे असतो हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. बाजारामागच्या गल्लीत त्याचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. बसथांब्यावर जायला ती गल्ली जवळची पडते, तरी सगळे मोठ्या रस्त्याने वळसा घालून जातात. तीही जायची. कारण असं काही नव्हतं. मोठ्या रस्त्याला सावली आहे, असं ती स्वतःला सांगायची. आज त्या गल्लीत शिरताना तिला कळलं की सावली इथेच जास्त आहे. दोन्ही बाजूंना उंच घरं, मध्ये चिंचोळी वाट, दुपारचं ऊन फक्त वरच्या खिडक्यांना. चालताना ती वाक्यं जुळवत होती. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मला माहीत नव्हतं' येत होतं आणि ती ते काढून टाकत होती. तो काय करेल? ओरडेल. ओरडू दे. रडेल? दार लावून घेईल? तिने सगळ्यांची तयारी केली. उलट त्याला आनंद होईल, ही शक्यता तिने शेवटी आणि भीत भीतच हाताळली.

गल्ल्यावर त्याची बायको होती. पूर्वी दोन-तीनदा भेटलेली, एकदा घरी जेवायला बोलावलेली. तिने मान वर केली आणि चेहऱ्यावरचं गिऱ्हाइकाचं हसू जागच्या जागी विझलं.

"वहिनी, आहे का तो?"

वहिनी 'बसा' म्हणाल्या नाहीत. मागे वळून म्हणाल्या, "अहो, बाहेर या. तुमच्या ऑफिसातल्या आल्यात."

तो आतून आला. केस पिकले होते, पोट थोडं सुटलं होतं, हातात चिमटा आणि चिमट्यात पितळेचं बारीकसं वजन. त्याने तिला पाहिलं आणि थांबला, पण फार नाही. "काय गं, ऑफिसचा काटा बिघडला का?" हा आवाज, तिला वाटलं. असा होता तर.

"फाइल पूर्ण आहे," ती म्हणाली. जुळवलेलं सगळं वाटेत सांडलं होतं. "तुझी. बोगद्याची. चौदा मार्चपर्यंत सगळी आहे. आज नव्या आवृत्तीत उघडली. मी सगळ्यांना पाठवली, साहेबांनाही. चूक माझी होती असं लिहिलंय."

त्याने वजन अलगद काट्याच्या पारड्यात ठेवलं. काटा हलला आणि स्थिर झाला.

"बरं केलंस," तो म्हणाला. पत्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं. मग म्हणाला, "दोनचा सोळावा घात. तिसऱ्या दिवशी कळलं मला. जुन्यात तेवढ्याच ओळी मावतात. काय मूर्ख होतो, खोलीतच कळायला हवं होतं."

"तिसऱ्या दिवशी?" तिने गल्ल्याची कड धरली. "मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

वहिनी फिसकन हसल्या. "ऐका. सांगितलं नाही म्हणे."

"तुला सांगितलं की," तो म्हणाला.

"मला?"

"किल्ल्या परत करायला आलो त्या दिवशी. खाली, सायकली लावतात तिथं. तू निघाली होतीस. म्हटलं, माझी फाइल खोटी म्हणतील, पण मूळ मेल तुझ्याकडे आहे, त्याची तारीख कुणी खोटी नाही म्हणू शकत. बाहेर कुठंतरी नवी आवृत्ती असेल तिथं उघड आणि फक्त शेवटची ओळ बघ. एवढंच."

ती शोधू लागली. सायकलींची जागा होती. पत्र्याचं छप्पर, तेलाचा वास, भिंतीवर हवेच्या पंपाचा ओघळ. तिथे तो नव्हता. किल्ल्या नव्हत्या. ती अजून खोल गेली, हात घालून चाचपल्यासारखी, आणि कुठेतरी तळाशी एक चाक लागलं. मागचं चाक, हवा गेलेलं, आणि ती वाकून ते दाबून बघतेय, आता पायी जावं लागणार म्हणून चरफडतेय, आणि वरून कोणीतरी काहीतरी बोलतंय.

"मी काय म्हणाले?"

"'बघते' म्हणालीस."

"आणि?"

"आणि काय? महिनाभर वाट बघितली. मग समजलो."

"काय समजलास?"

तो खांदे उडवून म्हणाला, "की बघितलंस. बघितलंस आणि गप्प बसलीस. साहेबांचा शब्द, तुझी सही, नोकरीचा प्रश्न. ही तुला शिव्या घालायची, मीच म्हणायचो, जाऊ दे गं, आपण असतो तर आपण काय केलं असतं? तिला तरी काय सुख असणार, म्हणायचो. रोज त्याच खुर्चीवर बसायचं, ते सगळं पोटात घेऊन. झोप लागत नसेल तिला."

वहिनी म्हणाल्या, "मी म्हणायचे, लागूच नये."

इथे गप्प बसता आलं असतं. तो जे म्हणत होता ते, त्याच्या तोंडून, जवळजवळ क्षमेसारखं होतं. नुसती मान खाली घातली असती तरी पुरलं असतं. तिच्या ओठांवर 'माफ कर' हे दोन शब्द तयार होते. पण दुपारभर एकेक वाक्य 'मी'ने सुरू करून जीभ त्याच वळणाला लागली होती.

"मी बघितलंच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू सांगितल्यावर उघडलीच नाही. विसरले. सायकल पंक्चर होती. आज उघडली, त्यानंतर पहिल्यांदा. तीही टाकायला काढली होती."

त्याने वहिनींकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आठ वर्षांत एकदाही नाही?"

"नाही."

"मनात सुद्धा आलं नाही?"

"नाही. झोप लागत होती मला."

तो हळूच स्टुलावर बसला. चिमटा त्याच्या हातात उघडाच होता. मघापासून इतकं ऐकून जो माणूस हलला नव्हता त्याचा चेहरा आता गळून चालला होता, आणि ती ते थांबवू शकत नव्हती. वहिनी गल्ल्यामागून बाहेर आल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत राग नव्हता; अनोळखी बाईकडे पाहावं तशा त्या तिच्याकडे पाहत होत्या.

"हिने बघितलंच नाही गं," तो बायकोला म्हणाला. मग काट्याकडे बघत म्हणाला, "मग रोज जेवताना आपण कुणाबद्दल बोलत होतो?"